सहा मुके टायर

“आता सांगतो ते जगात कुणाला पटायचं न्हाई,” खालच्या पायरीवर टेकत जालिंदर पिसाळ म्हणाला, “पण शब्दन् शब्द खरा आहे.”

“तुमचं कुणाला काय पटलंय कधी, पाहुणं?” शालनअक्कानं सुपातला बेदाणा तळहातानं पसरला. “एकदाच पटलं होतं. त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

सख्खी थोरली बहीण धाकट्या भावाला ‘पाहुणं’ म्हणते, वर ‘तुम्ही’ म्हणते, तेव्हा तो मान नसतो. ती दाराला आतून घातलेली कडी असते. जालिंदरनं ती कडी ओळखली आणि घसा खाकरला.

जालिंदर बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता, आणि थापा मारत होता त्याच्या कितीतरी आधीपासून. सतरा वर्षांपूर्वी याच ओसरीवर अक्काच्या रेवतीला बघायला मुलाकडची माणसं आली होती. चहा येईपर्यंत सगळे गप्प बसले. ती शांतता जालिंदरला सोसवली नाही. त्यानं सांगून टाकलं की आंबा घाटात एकदा आपल्याला भोवळ आली, तेव्हा चौदा वर्षांच्या रेवतीनं पन्नास माणसांची बस एकटीनं खाली उतरवली. त्याच्या आयुष्यातली एवढी एकच थाप ऐकणाऱ्यांनी खरी मानली. ‘बस हाकणारी मुलगी आम्हाला झेपायची नाही’ असा निरोप आला, तेव्हा जालिंदर इथंच मुक्कामाला होता. पुढं रेवतीचं सगळं चांगलं झालं, ती नागपूरला नांदतेय. पण निरोप आला त्या दिवशी अक्कानं भावाला जे सुनावलं आणि भाऊ जो उठला, तो आज परत त्या पायरीवर बसला होता.

अक्कानं त्याला हाकललं नाही. अट घातली.

“इतक्या वर्षांनी कसं आलात, एवढंच सांगा. थाप न मारता सांगितलंत, तर उंबऱ्याच्या आत या, जेवा, चार दिवस राहा. एक थाप सापडली की गाडी वळवायची. मी सत्त्याहत्तर वर्षांची झाले, आता मला ह्या घरात खोटं नको.”

जालिंदरनं आयुष्यात एसटीचं वेळापत्रक सोडलं तर एकही गोष्ट वाढवल्याशिवाय सांगितली नव्हती. अक्काच्या खुर्चीला टेकून एक नवी कोरी काठी उभी होती. तिच्याकडं त्यानं बघितलं आणि लगेच नजर अंगणात नेली.

अंगणात शेवग्याखाली त्याची घरगाडी उभी होती. पाठीमागं द्राक्षाच्या बागा. दुपारचं ऊन चढलं तसा बागांवरचा पांढरा पडदा आपोआप सरकत आला आणि वेलींवर सावली धरून थांबला. त्याच वेळी गाडीखालून कुणीतरी दमून सोडावा तसा श्वास ऐकू आला. मग दुसरा. मग तिसरा.

“ते काय फुसफुसतंय?” अक्कानं विचारलं.

“टायर. ऊन लागलं की जास्तीची हवा सोडतात, गारवा आला की परत ओढून घेतात. सहाही जणांच्या पोटात आपापला पंप आहे.”

“जणांच्या?”

“तेच तर सांगायला बसलोय, अक्का.”

गाडीच्या दारात जालिंदरची बायको वैजयंता मेथी निवडत बसली होती. अक्कानं तिला हाक मारली, “तू आत ये गं. तुझं माझं काय न्हाई.”

“हे आत आले की येते, वन्सं,” वैजयंता म्हणाली आणि मेथीची जुडी फिरवून घेतली.

मग जालिंदरनं सांगायला सुरुवात केली.

घरगाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी मिनीबस. पुढं दोन चाकं, मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं, मिळून सहा टायर. निवृत्त झाल्यावर त्यानं आतल्या सीटा काढून पलंग बसवला, गॅस बसवला, पाण्याची टाकी बसवली. वैजयंतानं त्यात पाटा-वरवंटा आणून ठेवला. दोघांनी जग बघायचं ठरवलं, आणि ठरवण्यातच गाडी वर्षातले दहा महिने कराडच्या दारात उभी राहिली. यंदा मात्र वैजयंता अडून बसली की हंपी बघायची म्हणजे बघायचीच. निघायच्या आधी गाडीच्या आरशाला दोरी बांधून ती धुणं वाळत घालत होती, तेव्हा तिला टायरच्या अंगावर भेगा दिसल्या. उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा.

जालिंदर म्हणाला, नक्षी नव्यासारखी आहे, काय होत नाही. वैजयंता म्हणाली, तुमची बायकोही बाहेरून नव्यासारखी दिसते, आतलं तुम्हाला काय ठाऊक. मग गाडी मिरजेला इम्तियाजभाई बागवानाकडं न्यावी लागली.

इम्तियाजभाईनं नक्षीकडं बघितलंसुद्धा नाही. तो गुडघ्यावर बसला, टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे बोटानं पुसून वाचले आणि म्हणाला, “काका, हा आठवडा, हे साल. तुमचे टायर अकरा वर्षांचे झाले.”

“पण चाललेत कुठं?”

“तेच झालं ना. टायर चालून मरत नाही, उभा राहून मरतो. चालला की आतलं तेल रबरात फिरतं. उभा राहिला की सुकतो, आणि बाहेरून कुणाला कळत नाही.”

“बरं, मग साधे सहा टाक आणि मोकळं कर मला.”

“साधे?” इम्तियाजभाई हसला. “ज्या गाडीत माणसं झोपतात, तिला आता साधे चालत नाहीत. दोन वर्षं झाली नियम येऊन. जाणते टायर लागतात.”

जाणता टायर म्हणजे काय, ते इम्तियाजभाईनं सांगितलं नाही, दाखवलं. एक टायर जमिनीवर आडवा टाकला आणि त्याच्यावर आपल्या पोरीची चप्पल ठेवली. शेजारच्या पडद्यावर लगेच उमटलं, किती ग्रॅम, कुठल्या बाजूला, ओली की कोरडी. रबरातून केसाहून बारीक कार्बनचे धागे विणलेले असतात. वजन, उष्णता, रस्त्याचा खडबडीतपणा, सगळं त्या धाग्यांना कळतं. त्याप्रमाणं टायर स्वतःच्या पोटातली हवा कमीजास्त करतो, अंग कडक करतो, मऊ करतो.

“हे झालं,” अक्का मध्येच म्हणाली. “पण ह्यात तुम्ही इथं यायचा काय संबंध?”

“अक्का, एसटीसुद्धा थांबे घेत घेत जाते.”

“बरं. चालू द्या.” तिनं एक काळा पडलेला मणी उचलून बाजूला टाकला.

टायर निवडायला जालिंदरला वाटलं होतं पंधरा मिनिटं लागतील. दोन दिवस लागले. आधी इम्तियाजभाईनं गाडीचं वजन करायला लावलं, तेही भरल्या संसारासकट. टाकीत पाणी, डब्यात पीठ, पलंगावर वैजयंता. काट्यावरून उतरल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, “काका, मागची डावी जोडी उजवीपेक्षा नव्वद किलो जास्त उचलतेय. तिथं काय आहे?”

तिथं पाटा-वरवंटा होता आणि त्याला टेकून जोंधळ्याचं पोतं.

“चार वर्षं सांगतोय, मिक्सर घे,” जालिंदर म्हणाला.

“पाटा उतरायचा न्हाई,” वैजयंता म्हणाली. “टायर दमाचे घ्या.”

मग पडद्यावर प्रश्न सुरू झाले. दिवसातून ब्रेक किती वेळा मारता? त्यातले रागानं किती? घाट चढताना बोलता का? चिखल दिसला की वळता की घालता? कोकणातला टायर हवा की माळावरचा? कोकणातला ओल्या रस्त्यावर पकड सोडत नाही, पण वैशाखात कुरकुर करतो. माळावरचा उन्हाला भीत नाही, पण पाणी दिसलं की बुजतो. दोन्हीचा मेळ घातलेला हवा असेल तर तो दोन महिन्यांनी मिळतो, आणि तो कुठल्याच रस्त्यावर खूश नसतो. जोडचाकांना तर एकाच साच्यातले जुळे लागतात, नाहीतर आतला आणि बाहेरचा एकमेकांवर भार ढकलत बसतात आणि दोघंही झिजतात. बावन्नाव्या प्रश्नाला जालिंदरनं टोपी काढून आपटली.

“अरे, लग्न जमवताना मला एवढं विचारलं न्हवतं!”

“म्हणूनच,” वैजयंता म्हणाली.

शेवटचा प्रश्न होता, बोलका टायर की मुका. बोलका असला की केबिनमध्ये आवाज येतो, पुढं खड्डा आहे, डावीकडं हवा कमी आहे, आता थांबा, आता चहा घ्या. जालिंदर उत्तर देणार, एवढ्यात वैजयंता म्हणाली, “एका गाडीत एकच बोलका पुरे. मुके द्या.”

इम्तियाजभाईनं सहा मुके काढले. नटबोल्ट कसता कसता तो म्हणाला, “मुका म्हणजे बहिरा नाही बरं का, काका. माणसं बोलतात ते ऐकून तो ठरवतो, पुढं कुठवर जायचंय. तेवढ्या अंतराचं रबर राखून ठेवतो.”

“आम्ही डेपो लांब असला की डिझेल राखायचो, तसं?”

“अगदी तसं. मालकाला वाटेत उभं करायचं नाही, एवढंच त्याला शिकवलंय.”

जालिंदरला हे फार आवडलं. एसटीत बत्तीस वर्षांत त्याला असा एकही कंडक्टर भेटला नव्हता.

“ह्यात थाप कुठं आहे?” अक्कानं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. “वैजयंता, खरं का गं हे?”

“पाट्याचं तर खरं आहे, वन्सं. आत येऊन बघा.”

हंपीला निघायच्या आधी सगळ्या नातेवाइकांना भेटून घ्यावं असं ठरलं. या वयात लांब निघालं की लोक भेटून घेतात, का ते कुणी बोलत नाही. विटा, वाई, कोरेगाव, बारामती, फलटण, अशी अकरा घरं तीन आठवड्यांत झाली. प्रत्येक घरात पोहे, प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घराच्या दारात निघताना दोघांचे हात जोडलेले आणि तोंडात तेच, “बरं, येतो हं.” “येते हं, वहिनी.” मागून “या, या.”

मग गाडी दक्षिणेला लागली. कोल्हापूर मागं पडलं, कागल मागं पडलं, निपाणीचा चढ लागला आणि गाडी मंदावली. साठाची चाळीस, चाळिसाची वीस. जालिंदरनं पाय दाबून दाबून जमिनीला टेकवला. गाडीला जोर होता, पण टायर लोण्यासारखे मऊ होऊन रस्त्याला चिकटून चालत होते. उसाची बैलगाडी त्यांना मागं टाकून गेली. गाडीवान उसाच्या मोळ्यांवर उताणा झोपला होता.

“बत्तीस वर्षांत मला बैलानं ओव्हरटेक केलं न्हवतं, अक्का!”

अक्काच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो पदरानं पुसला.

केबिनमधल्या पडद्यावर अक्षरं उमटली होती, ‘पुढील प्रवासासाठी रबर शिल्लक नाही. सर्व रबर अकरा परतफेऱ्यांसाठी राखीव.’

कसल्या परतफेऱ्या? जालिंदरनं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकल्यावर एक बाई बोलली. तिचं मराठी इस्त्री केल्यासारखं होतं.

“साहेब, आपण अकरा ठिकाणी परत येण्याचा शब्द दिला आहे.”

“मी? कुणाला?”

“विटा, बाजारपेठ, दारात उभं राहून. ‘येतो.’ वाई, गणपती आळी, ‘येतो, येतो.’ दोन वेळा. सोबतच्या बाईसाहेब, ‘येते हं.’ टायरनी त्याप्रमाणे रबर राखलं आहे.”

“अहो बाई, येतो म्हणजे जातो!”

“साहेब, येतो म्हणजे येतो ना?”

“न्हाई! निघताना माणूस येतो म्हणतो. त्याचा अर्थ जातो.”

“मग जातो का म्हणत नाही?”

“जातो म्हणायचं नसतं!”

“का?”

“अपशकुन असतो. मेलेला माणूस जातो. जिवंत माणूस येतो.”

“मग ‘जातो’ हा शब्द निघताना कुणी कधीच वापरत नाही, अशी नोंद करू का?”

“तसं न्हाई,” जालिंदर म्हणाला. “भांडून निघाला तर...”

ओसरीवर त्याचं वाक्य तिथंच तुटलं. अक्कानं मान वर केली. जालिंदरनं घाईघाईनं टोपी सारखी केली आणि पुढं गेला.

बाईनं उपाय सांगितला. ज्या दारात ‘येतो’ म्हटलं, त्या दाराशी गाडी नेऊन, घरच्या माणसांसमोर ‘येत नाही’ असं स्पष्ट म्हणायचं. की ती परतफेरी सुटली.

“म्हणजे येत न्हाई म्हणायला तिथं यायचं?”

“हो साहेब.”

“आणि आलो, तर मग येतो म्हटलेलं खरंच झालं की!”

“मग तर उत्तमच, साहेब. तशीही परतफेरी पूर्ण होते.”

जालिंदरनं फोन खिडकीतून फेकला असता, पण तो वैजयंताचा होता.

हंपीकडं गाडी गोगलगाय होती. परतीच्या रस्त्याला तोंड केलं की हरीण. विट्याला जाऊन पोहोचले. चुलतमेहुण्याला वाटलं काही विसरलं. परत पोहे झाले, परत चहा झाला, पडद्यावर अकराचे दहा झाले. जिंकल्यासारखा जालिंदर गाडीत चढला, आणि मागून वैजयंता दारात हात जोडून म्हणाली, “येते हं, वहिनी!”

दहाचे परत अकरा.

विट्यात असं तीन वेळा झालं. एकदा वैजयंताच्या तोंडून, एकदा जालिंदरच्या, आणि एकदा दोघांनी दात आवळून धरले तेव्हा घरातून मेहुणाच ओरडला, “या बरं का परत!” आणि जालिंदरनं सवयीनं हात वर केला, “येतो, येतो!” जिभेला लागलेलं वळण टायर बदलण्याइतकं सोपं नसतं. शेवटी वाईला दोघं तोंडावर रुमाल बांधून, काही न बोलता घराबाहेर पडले. त्यावर तिथली सून रडकुंडीला आली. आमचं काय चुकलं, जेवणात काय कमी पडलं, म्हणून रात्रीपर्यंत सगळ्या भाऊबंदांत फोन गेले. कोरेगावात सगळं समजावून सांगायला गेले, तर तिथले म्हणाले, पिसाळांनी नवी थाप काढली.

“आयुष्यात एकदा खरं बोलायला गेलो,” जालिंदर म्हणाला, “तर तेच कुणाला पटेना.”

“बरं झालं,” अक्का म्हणाली. पण हात सुपातच राहिला होता, बेदाणा निवडायचं ती विसरली होती. “फलटणला काय झालं? तिथं वैजयंताची मावशी ना? नव्वदीची?”

गाडीच्या दारातून वैजयंताच बोलली. “मी सांगते ते. मावशीला ऐकू कमी येतं. तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, मावशी, मागं येते म्हणाले होते ना, ते सोडव. म्हण, येऊ नको म्हणून. मग मी म्हणाले, येत न्हाई. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, ‘येत न्हाई, एवढं सांगायला इतक्या लांब आलीस व्हय?’”

तिनं मेथीची एक काडी मोडली.

“मग आम्ही चार दिवस राहिलो तिच्याकडं,” वैजयंता म्हणाली. “तिचं डोकं विंचरलं. निघताना येते म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. मागं मी किती वर्षं तिला येते म्हणून गेलेच न्हवते. ते ऐकायला त्या वेळी टायर न्हवते, म्हणून चाललं.”

शेवग्याखालच्या सहा टायरांपैकी कुणीतरी हवा सोडली.

“वैजयंता,” थोड्या वेळानं अक्का म्हणाली, “इथवर सगळं खरं?”

“फलटणपर्यंत शब्दन् शब्द खरा, वन्सं.” असं म्हणून वैजयंतानं मेथीची परडी उचलली आणि ती गाडीच्या आत गेली. जाताना तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही.

जालिंदर पायरीवर जरा पुढं सरकला. आता तो शेवटच्या थांब्याशी आला होता, आणि उंबरा चार हातांवर होता.

“तर अक्का, अकराची अकरा घरं पुरी झाली. फलटणचं एक परत उरलं, ते आम्ही ठेवलंच. गाडी परत दक्षिणेला लावली. विट्यावरून तासगावकडं येत होतो. गाडी झकास पळत होती. आणि तुमच्या गावाच्या फाट्याशी आलो, तर काय! गाडी डावीकडं ओढायला लागली.”

“टायर स्टिअरिंग फिरवतात व्हय?”

“फिरवत न्हाईत. पण डावीकडच्या तिघांनी मिळून हवा सोडली. एका अंगाची हवा गेली की गाडी त्या अंगाला जाते, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचार. मी उजवीकडं धरतोय, ती डावीकडं. मी उजवीकडं, ती डावीकडं. माझे हात दुखायला लागले. पडद्यावर बघतो तर अक्षरं, ‘परतफेरी, बारावी. सतरा वर्षं राहिलेली.’”

“नव्या टायरांना सतरा वर्षांपूर्वीचं काय ठाऊक?”

हा प्रश्न येणार हे जालिंदरला माहीत होतं. निपाणीपासून त्यानं त्याचं उत्तर घोटून ठेवलं होतं.

“मुके असले तरी ऐकतात ना! एकदा गाडीत जेवता जेवता मी वैजयंताला तुझ्या घराचं सांगत होतो. ही ओसरी, हा शेवगा, ही पायरी. म्हटलं, माणसाचं भांडण होतं, पण रीत सुटत न्हाई. त्या दिवशी एवढा राग होता, तरी निघताना मी अक्काला म्हणालोच होतो, येतो म्हणून. एवढं त्या सहा जणांनी ऐकलं आणि रबर राखून ठेवलं. मी आलो न्हाई, अक्का. मला आणलं. आता शब्द दिलेला, आणि टायर असले हट्टी, मी एकटा म्हातारा काय करणार? हे बघ, अजून डावीकडचे तिघं बसलेलेच आहेत.”

गाडी खरंच डाव्या अंगाला थोडी कललेली होती. तिकडं पाटा होता.

अक्कानं सूप मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. काठी घेतली. उठायला तिला वेळ लागला. जालिंदर धरायला उठला, पण काय आठवलं कुणास ठाऊक, अर्ध्यातच थांबला. ती एक पायरी उतरली, मग दुसरी, आणि त्याच्या समोर उभी राहिली.

“खोटं,” ती म्हणाली.

जालिंदर हसायला गेला. “कशाचं? हवेचं? अगं, कुठल्याही ड्रायव्हरला...”

“तू येतो म्हणाला न्हाईस.”

जालिंदरच्या कानावर आधी तेवढा ‘तू’ आला. बाकीचं वाक्य मागून.

“ह्याच पायरीवर उभा राहून, चपला घालत म्हणालास, ‘जातो.’ एकदाच म्हणालास, वळून बघितलं न्हाईस. रेवतीचं स्थळ मोडलं त्याचा राग वर्षभरात गेला माझा. तो एक शब्द गेला न्हाई. भाऊ माझ्या दारातनं ‘जातो’ म्हणून गेला, हे मी कुणाला सांगितलंसुद्धा न्हाई, अपशकुन नको म्हणून. मला तो शब्द विसरायला येईल का?”

जालिंदरनं टोपी काढून हातात घेतली. गाडीच्या खिडकीचा पडदा किंचित हलला आणि स्थिर झाला.

अक्कानं काठीनं शेवग्याखालच्या चाकांकडं दाखवलं.

“येतो म्हटलेल्या दारालाच हे फिरतात म्हणालास ना? मग जातो म्हटलेल्या दाराशी गाडी आणायला ह्यांच्याकडं रबर कुठलं? फाट्यावर ती डावीकडं कुणी वळवली रे, जाल्या?”